आपला रस्ता मोजायला निघताना

रस्ते पायी फिरून मोजणाऱ्या आमच्या गटात कुणी नवीन आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मी आधी काय वाचू?" मी सांगते, वाचायचं नंतर बघू. घरात पाच मीटरची टेप असेल तर ती घ्या, पुठ्ठ्याचं पॅड घ्या आणि मंगळवारी सकाळी साडेसहाला बसस्टॉपवर या. रविवारी अजिबात नको. रविवारचा रस्ता खोटं बोलतो.

शहराचा अभ्यास म्हटलं की लोकांना विद्यापीठ, नकाशे, सल्लागार कंपनीचे जाडजूड अहवाल आठवतात. तेही लागतात. पण आपल्या चौकात कुणाला रस्ता ओलांडता येत नाही, हे त्या अहवालात बहुतेक वेळा नसतं, कारण कुणी साडेसहाला तिथं उभं राहिलेलं नसतं. पुढे लिहिलंय ते उभं राहणाऱ्यांसाठी. उदाहरणं बरीचशी पुण्याची आहेत, कारण माझे पाय तिथं झिजले. पण नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, कुठंही थोड्याफार फरकाने हेच चालेल.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

"आमच्या भागातली वाहतूक समस्या" हा प्रश्न नाही, ती कुरकुर आहे. "बसस्टॉपपासून महापालिकेच्या शाळेपर्यंतच्या चारशे मीटरमध्ये मुलांना रस्त्यावर का उतरावं लागतं?" हा प्रश्न. त्याला टेप लावता येते. त्याचं उत्तर कुणाकडे मागायचं तेही कळतं.

प्रश्न निवडताना दोन कसोट्या लावते. एक, दोन आठवड्यांत चार-पाच माणसांनी तो मोजून संपेल का. दोन, त्याच्यामुळे त्रास होणारी माणसं आपल्या गटात आहेत का. दुसरीवर बहुतेक गट आपटतात. सोसायटीतले निवृत्त काका, एखादी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, माझ्यासारखी उपद्व्यापी बाई असा गट जमतो आणि सगळ्यांना पटकन सापडणारा प्रश्न असतो पार्किंगचा किंवा पथारीवाल्यांचा. सकाळी सहाला तीन घरांची धुणीभांडी करायला चालत येणाऱ्या ताई त्या गटात नसतात, म्हणून त्यांचा प्रश्नही नसतो. त्यांना विचारलंत तर त्या स्वच्छतागृहाचं नाव घेतील.

हा प्रश्न किरकोळ समजू नका. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाने स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची सोय करण्याचे आदेश दिले. मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेतल्या कार्यकर्त्या त्याआधी काही वर्षं वस्त्यावस्त्यांतून फिरत होत्या. किती मुताऱ्या आहेत, पुरुषांच्या किती, बायकांच्या किती, पैसे कुणाकडून घेतात, दाराला कडी आहे का, असं त्या टिपत होत्या. कडी आहे का, हे एका रकान्याचं काम. तो रकाना ज्या बाईला कडी नसलेल्या दारामागे बसावं लागतं तिलाच सुचतो.

दुसरी पायरी: आधीचे कागद बघा, पण त्यांच्यात अडकू नका

एक संध्याकाळ, फार तर दोन. विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली जमीन कशी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशात, तुमच्या रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे, शेजारची जागा कशासाठी राखून ठेवली आहे, महापालिकेच्या अंदाजपत्रकात त्या रस्त्यावर काही काम धरलंय का, एवढं बघा. आराखडा महापालिकेच्या संकेतस्थळावर असतो. सापडला नाही तर बांधकाम विभागात जाऊन बघायला मागा.

लोकसंख्येचे आकडे वापरताना जपून. वॉर्डनिहाय जनगणनेचे सगळ्यांच्या हाताशी असलेले आकडे २०११ चे आहेत. पुण्यात त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली, प्रभागांच्या सीमा बदलल्या. तेव्हा "आमच्या प्रभागाची लोकसंख्या अमुक" असं ठणकावून लिहिलंत तर समोरचा अभियंता पहिल्या पानावरच तुम्हाला गाठेल.

शहराची आधी पाहणी, मग आराखडा, हा आग्रह जुना आहे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू करणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हेच सांगत भारतभर पायी गावं धुंडाळत होते: निदान आधी, औषध नंतर. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने पुण्याच्या घराघरांत जाऊन जी पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ साली छापून आला. आणि मला सगळ्यात जवळची वाटते ती १९८५ ची मुंबईतली मोजणी. 'स्पार्क' ही संस्था आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बाया, दोघांनी मिळून फुटपाथवासीयांची शिरगणती केली. सुमारे सहा हजार कुटुंबं. ही माणसं कालपरवा आलेली उपरी नाहीत, वर्षानुवर्षं इथंच राहून जवळपासच कामाला जातात, हे त्यातून कागदावर आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं, पण सूचना देऊन झोपड्या हटवायला मुभाही ठेवली. निकालाने निवारा दिला नाही. मोजणीने मात्र त्या बायांना एकमेकींची नावं, गावं कळली आणि त्यातून 'महिला मिलन' ही त्यांची संघटना उभी राहिली.

तिसरी पायरी: मोजणी

इथं वेळ घाला. बाकी सगळं यावर उभं राहतं.

साहित्य: टेप, खडू, पॅड, दोन पेनं (एक नक्की बंद पडतं), टोपी, पाणी. मोबाइलवर नोंद घेणारी अॅप आहेत, पण पहिल्यांदा कागदच वापरा. मोबाइल काढून उभं राहिलं की लोकांना वाटतं आपला फोटो काढताहेत, आणि पुष्कळदा ते खरं असतं. माणसांचे चेहरे, हातगाडीवरची पाटी, गाडीचा नंबर यांतलं काही फोटोत येऊ देऊ नका.

चारशे मीटरचे वीस-वीस मीटरचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला खडूने रेघ आणि आकडा. म्हणजे वीस तुकडे, एका बाजूला. प्रत्येकात चार गोष्टी मोजा: फुटपाथची एकूण रुंदी, त्यातली प्रत्यक्ष चालता येईल अशी मोकळी रुंदी, रस्त्यापासूनची उंची, आणि अडथळा काय आहे ते. तुलनेसाठी हाताशी असू द्या: भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेत मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. १.८ मीटर का? दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील म्हणून.

उंचीचा रकाना आम्ही पहिल्या वेळी धरलाच नव्हता. एका आजींनी तो आमच्या डोक्यात घातला. फुटपाथ चांगला दोन मीटर रुंद, मोकळा, नवे पेव्हर ब्लॉक, आणि आजी खालून, रिक्षांच्या बाजूने चाललेल्या. मी म्हटलं, "आजी, वरून चला की, मोकळं आहे." त्या म्हणाल्या, "चढू कशी गं? आणि चढले तर त्या गेटापाशी उतरू कशी?" टेप लावली. अठ्ठावीस सेंटिमीटर. जिन्याच्या पायरीला सतरा-अठरा असतात. वर प्रत्येक सोसायटीच्या गेटाशी फुटपाथ संपून उतार, मग पुन्हा चढ. चारशे मीटरमध्ये नऊ वेळा. आमच्या कागदावर तो तुकडा 'उत्तम' म्हणून टिकमार्क केलेला होता.

मग माणसं मोजा. एका जागी बसून, पंधरा मिनिटं मोजायची, पंधरा मिनिटं विश्रांती. उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी, अशी जुडी. रकाने पाडताना नुसतं 'पादचारी' लिहू नका. बायका, पुरुष, मुलं, म्हातारी माणसं, काठी किंवा खुर्ची असलेली, डोक्यावर किंवा हातात ओझं असलेली, कडेवर मूल असलेली. यातला प्रत्येक जण रस्ता वेगळा वापरतो. आणि प्रत्येक रकान्याचे दोन भाग: फुटपाथवरून आणि खालून. शेवटी हाच आकडा बोलतो. "शंभरातले साठ खालून चालतात" हे वाक्य कुणालाही कळतं.

वेळा निवडताना घड्याळाच्या आधी कामाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेसहा ते साडेआठ घरकामाच्या ताई आणि शाळा. दुपारी बारा-साडेबारा, शाळा सुटते आणि ऊन टाळक्यावर. संध्याकाळी सहा ते आठ बाजार. रात्री साडेनऊनंतर एकदा तरी: दिवे लागतात का, आणि बायका दिसतात का. आम्ही एकदा सकाळी दहा ते बारा मोजून 'हा रस्ता फारसा वापरात नाही' असा निष्कर्ष काढला होता. दहा ते बारा आम्हाला सोयीचं होतं, इतकंच त्याचं कारण.

मे महिन्यात मोजत असाल तर सावलीचाही रकाना घ्या. दुपारी प्रत्येक तुकड्यात सावली आहे, थोडी आहे, नाही. एवढं पुरे. झाड तोडून केलेला रुंद फुटपाथ दुपारी रिकामा आणि पिंपळाखालचा अरुंद तुकडा भरलेला, हे डोळ्यांनी दिसतं, पण कागदावर आल्याशिवाय कुणी मानत नाही.

एक चूक, सविस्तर

ही मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते. शहर कुठलं ते सोडा.

आमच्या पहिल्यावहिल्या अहवालात एक ओळ होती: 'अतिक्रमणे: १९'. आम्ही हातगाड्या, पथाऱ्या, दुकानांच्या वाढीव पायऱ्या, टपऱ्या, सगळं एकाच शब्दात कोंबलं होतं. अहवाल सादर केला, पोच घेतली, खूश झालो. दहा-बारा दिवसांनी गाडी आली आणि हातगाड्या उचलून घेऊन गेली. दुकानांच्या पायऱ्या जागच्या जागी. ज्या भाजीवाल्या मावशींनी आम्हाला मोजताना बसायला क्रेट दिला होता, त्यांची गाडीही गेली. पुढच्या आठवड्यात मी दिसले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच मोजून गेलात ना, ताई?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यांची गाडी सोडवायला आम्ही गेलो, दंडाची पावती भरली, पण त्या पुन्हा आमच्या सभेला आल्या नाहीत.

नंतर आम्ही तेच कागद काढून नव्याने आकडेमोड केली. अडथळ्यांनी खाल्लेली रुंदी मीटरमध्ये मांडली. सगळ्यात जास्त जागा चढवून लावलेल्या दुचाकींनी घेतली होती. मग दुकानांच्या पायऱ्या आणि रॅम्प. मग विजेचे डीपी बॉक्स, होर्डिंगचे खांब, उखडून ठेवलेले ब्लॉक. हातगाड्या चौथ्या-पाचव्या. मोजमाप आमच्याकडे होतं, पण 'अतिक्रमण' या तयार शब्दाने ते झाकून टाकलं होतं.

तेव्हापासून आमचा नियम: कागद बाहेर जाण्याआधी स्वतःला विचारायचं, हा आकडा सगळ्यात वाईट हातात पडला तर कुणाचं नुकसान होईल? आणि त्या माणसांना कागद आधी वाचून दाखवायचा. कायदाही माहीत असू द्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेते असावे लागतात. तुमच्या शहरात ही समिती आहे का, शेवटची कधी बसली, हे विचारून घ्या.

चौथी पायरी: विचारणं

मोजल्यावर विचारा, आधी नको. मोजताना जे दिसलं त्यावरून प्रश्न सुचतात.

"तुम्हाला चांगला फुटपाथ हवा का?" असं विचारून काय मिळणार? सगळे हो म्हणतात. "काल इथून किती वाजता गेलात? हातात काय होतं? कुठे खाली उतरलात?" असं विचारा. कालचं विचारलं की माणूस खरं सांगतो. 'नेहमी'चं विचारलं की भाषण देतो.

दुकानदारांना टाळू नका. पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल, ही त्यांची भीती असते आणि तिच्यात तथ्य असतं, निदान काही दुकानांबाबत. त्यांनाच सोबत घेऊन दोन तास मोजा: गिऱ्हाईक चालत आलं, दुचाकीवर, की चारचाकीतून. आकडा कुठल्याही बाजूने लागो, तो दोघांनी मिळून मोजलेला असतो. एका हार्डवेअरवाल्या काकांचं गिऱ्हाईक खरंच टेम्पो घेऊन येत होतं. आमच्या प्रस्तावात त्यांच्या दारापुढे माल चढ-उतारासाठी जागा ठेवली गेली, आणि सभेत आमच्या बाजूने पहिले तेच बोलले.

पाचवी पायरी: दोन पानं

अहवाल दोन पानांचा. तिसरं पान कुणी उलटत नाही. पहिल्या पानावर रस्त्याचं चित्र, हाताने काढलेलं चालेल, त्यावर तीन रंग: १.८ मीटरहून जास्त मोकळं, कमी, अजिबात नाही. खाली तीन आकडे. दुसऱ्या पानावर काय करता येईल ते, सोपं वर आणि अवघड खाली. "दोन ठिकाणी उतार करणे" हे सोपं, वॉर्ड ऑफिसच्या निधीतून होईल. "डीपी बॉक्स हलवणे" म्हणजे वीज कंपनी आली, ते खाली.

कधी मोजलं, कुणी मोजलं, काय मोजलं नाही, हे तळाशी लिहा. 'पावसाळ्यात मोजलेले नाही' एवढं लिहिलं तरी अभियंत्याचा एक आक्षेप आधीच संपतो, आणि तुमच्यावरचा त्याचा विश्वास वाढतो.

आकडा पैशात मांडता आला तर मांडा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. कचरावेचक बायका रोज किती कचरा वेगळा करतात आणि त्यामुळे पालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, हा हिशेब पंचायतीने मांडला. त्या बायांना कामगार म्हणून वागवा, ही मागणी त्यानंतर दयेची राहिली नाही. २००८ मध्ये त्यांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेबरोबर महापालिकेने दारोदारचा कचरा गोळा करण्याचा करार केला.

सहावी पायरी: सभा

चांगल्या अभ्यासाची माती इथं होते, म्हणून थोडं सविस्तर.

जागा. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सभा घेतली तर घरकामाच्या ताई वॉचमनच्या नजरेखालून आत येणार नाहीत, पथारीवाले तर नाहीच. महापालिकेची शाळा, व्यायामशाळेचा ओटा, भाजी बाजाराचा कोपरा, यांपैकी काहीही चालेल. वेळ एकच असावी असा हट्ट नको. घरकामाच्या ताईंना दुपारी तीन-चारला फुरसत असते, नोकरदारांना रात्री आठनंतर. दोन छोट्या सभा घ्या.

स्टेज नको. सत्कार नकोच नको. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक आणि 'दोन शब्द' यांत पाऊण तास जातो आणि म्हाताऱ्या उठून घरी जातात. चार बाय सहा फुटांचा रस्त्याचा नकाशा छापून जमिनीवर अंथरा. आम्ही टिकल्यांची पाकिटं आणतो. जिथं पडलात किंवा पडता पडता वाचलात तिथं लाल टिकली, जिथं बसावंसं वाटतं तिथं हिरवी. भाषण न करणारी माणसंही टिकली लावतात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका शाळकरी मुलीने शाळेच्या फाटकासमोर एकावर एक पाच लाल टिकल्या चिकटवल्या. आम्ही तो तुकडा मोजला होता, रुंदी ठीक होती. विचारल्यावर म्हणाली, "पावसात इथं गटाराचं झाकण दिसत नाही." अभियंता साहेब गुडघ्यावर बसून बघत होते. ते झाकण तिसऱ्या दिवशी बदललं. बाकीच्या मागण्यांना दीड वर्ष लागलं, ते वेगळं.

अधिकाऱ्यांना आधी बोलायला देऊ नका. त्यांचा अनादर म्हणून नव्हे. आधी बोललं की ते केलेल्या कामांची यादी वाचतात आणि मग बचावाच्या पवित्र्यात जातात. आधी अर्धा तास ऐकू दे, नकाशाभोवती फिरू दे. मग विचारा, "साहेब, यातलं तुमच्या हातात काय आहे?" हा प्रश्न मोलाचा आहे. कनिष्ठ अभियंत्याला पथ विभाग, विद्युत, मलनिस्सारण, वाहतूक पोलीस या सगळ्यांचं उत्तर देता येत नाही, आणि तसं कबूल करायची मुभा त्याला फारसं कुणी देत नाही.

इतिवृत्त त्याच रात्री लिहा. कुणी विरोध केला तेही लिहा. विरोध गाळलेलं इतिवृत्त पुढच्या सभेत फाडलं जातं.

सातवी पायरी: कुठलं दार ठोठवायचं

सगळी दारं एकदम ठोठवू नका. कामानुसार दार.

लहान काम असेल तर नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रीत १९८९ मध्ये ही पद्धत रुजली. पुण्यात २००६ पासून नागरिक क्षेत्रीय कार्यालयात (म्हणजे वॉर्ड ऑफिसात) अर्ज भरून आपल्या भागातली छोटी कामं सुचवू शकतात: फुटपाथ, बाक, दिवे, बसथांबा. अर्जांची मुदत वर्तमानपत्रात येते आणि पटकन संपते, म्हणून दोन पानं आधीच तयार हवीत. रस्त्याचं नाव, तुकडा, लांबी, मोजमाप, फोटो जोडलेला अर्ज आणि 'रस्ता सुधारावा' असा अर्ज, यांतला कुठला मंजूर होतो ते सांगायला नको.

माहिती हवी असेल तर माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा गाऱ्हाणं गाळा. 'फुटपाथ इतका वाईट का?' याला उत्तर मिळत नाही, कारण ती माहिती नव्हे, मत आहे. 'अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या फुटपाथवर मागील तीन आर्थिक वर्षांत झालेल्या कामांचे कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती' असं मागा. ठेकेदाराला किती मीटरचे पैसे दिले ते मोजमाप पुस्तिकेत असतं. तुमच्याकडे टेप आहेच. त्याआधी, ही सोय चालू असेल तर, सोमवारी दुपारी तीन ते पाच जाऊन फाइल नुसती बघायला मागा. पुण्यात ही सोय बरीच वर्षं होती आणि २०१८ च्या परिपत्रकाने ती राज्यातल्या स्थानिक संस्थांना लागू केली. पुष्कळदा अर्जाची गरजच उरत नाही.

बोलायचं असेल तर मोहल्ला समितीची बैठक. क्षेत्रीय कार्यालयात होते, सगळ्या विभागांचे अभियंते एका खोलीत सापडतात. मार्च २०२२ नंतर काही वर्षं पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात आमच्यासारख्यांना हाच आधार होता. २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभाही आल्या, म्हणजे ग्रामसभेसारखी मतदारांची सभा. त्या कागदावरून खाली उतरल्या नाहीत. मी दरवर्षी एक पत्र लिहून आमची क्षेत्रसभा कधी आहे ते विचारते. छंद म्हणा.

आणि वीस वर्षांतून एकदा येणारं मोठं दार: विकास आराखडा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते, मग नियोजन समितीपुढे सुनावणी. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या. मुंबईत त्याहून नाट्य घडलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या प्रारूपात उभ्या इमारतींवर रस्ते, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळं चुकीची, असा घोळ लोकांनी वस्तीवस्तीत जाऊन ताडून दाखवला, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडाच मागे घ्यायला लावला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये. हे एकाएकी घडलं नव्हतं. 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' आणि इतर गट त्याच्या कितीतरी आधीपासून, सध्याच्या जमीनवापराच्या नकाशापासून, वॉर्डावॉर्डांत बसून चुका टिपत होते. नोटीस आल्यावर मोजायला निघणाऱ्याला मुदत पुरत नाही. ज्याच्या कपाटात कागद आहेत तो त्या मुदतीत फक्त हरकत लिहितो.

हरकत लिहिताना सर्व्हे नंबर किंवा रस्त्याचं नाव, आराखड्यात काय आहे, जागेवर काय आहे, काय बदल हवा, या चार गोष्टी. सुनावणीला स्वतः हजर राहू असं लिहायला विसरू नका.

कुठलंही पत्र असो, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा" म्हणाले तरी.

काम झाल्यावर

फुटपाथ झाला, फीत कापली, फोटो आले. सहा महिन्यांनी तीच टेप, तेच तुकडे, तोच मंगळवार, साडेसहा. आधीच्या तक्त्याशेजारी नवा रकाना. आमच्या त्या रस्त्यावर खालून चालणारे कमी झाले, पण शून्य झाले नाहीत. गेटांपाशीचे नऊ चढ-उतार आता तीनवर आलेत. उंची पंधरा सेंटिमीटर, एका तुकड्यात एकोणीस. तिथल्या अभियंत्याला तो आकडा खडूने फुटपाथवरच लिहून दाखवला. आजी आता वरून जातात, शाळेच्या फाटकापर्यंत. तिथून पुढे अजून खालून. तो शेवटचा तुकडा यंदाच्या अर्जात टाकलाय.